काचेच्या बरणीतला रक्तबीज

दहावीचं सायन्सचं पुस्तक आठवतंय? अलैंगिक प्रजननाच्या धड्यात एक आकृती होती. लांबट नळी, वर पाच-सहा धागे, बाजूला एक फुगवटा. खाली नाव, जलव्याल. म्हणजे आपला हायड्रा. मुकुलायनाचं उदाहरण द्या म्हटलं की हाच. ती आकृती मी इतक्या वेळा काढलीय की आजही डोळे मिटून काढेन. पण हा प्राणी खरोखर कुठेतरी राहतो, चालतो, जेवतो, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. पुढे मी मास कॉमला आले आणि हायड्राशी असलेला संबंध संपला.

परवा या पानासाठी विषय शोधत होते तेव्हा तो परत भेटला आणि सोबत एक माणूस घेऊन आला. अब्राहम ट्रेम्बले. जन्म ३ सप्टेंबर १७१०, गाव जिनिव्हा. शास्त्रज्ञांबद्दल लिहिताना आपण अदबीने लिहितो, पण मी ट्रेम्बलेला अरे-तुरेच करणार आहे. कारण ही गोष्ट घडली तेव्हा तो २९-३० वर्षांचा होता आणि पोटापाण्यासाठी शिकवण्या घेत होता.

हो, शिकवण्या. गणितात त्याचं डोकं चांगलं चालायचं, कॅल्क्युलसवर प्रबंधही लिहिला होता. पण जिनिव्हात तेव्हा राजकीय धुमश्चक्री चालू होती, हातात धड काम नव्हतं. मग शिकलेली मुलं तेव्हा जे करायची ते त्यानेही केलं. गाव सोडलं आणि हॉलंडमध्ये श्रीमंतांच्या घरी मास्तर म्हणून राहिला. अखेर त्याला नोकरी मिळाली हेग शहराजवळच्या सोर्गव्लिएट नावाच्या इस्टेटीत, काउंट विलेम बेंटिंक यांच्याकडे. (त्याच इस्टेटीतल्या जुन्या वाड्यात आज नेदरलँड्सच्या पंतप्रधानांचं अधिकृत निवासस्थान आहे.) काउंटला दोन मुलगे. थोरला अँटनी सहा वर्षांचा, धाकटा जॉन तीनचा. १७४० मध्ये आईवडील वेगळे झाले. वडील राजकारणात बुडालेले. म्हणजे या दोन पोरांचं सकाळपासून रात्रीपर्यंत जे काही होतं ते हा मास्तर.

आता तीन आणि सहा वर्षांच्या मुलांना तुम्ही काय शिकवाल? ट्रेम्बलेने त्यांना बाहेर काढलं. इस्टेटीत तळी होती, पाण्याचे चर होते. तिथून पाणी आणि पाणवनस्पती आणायच्या, काचेच्या बरणीत घालायच्या, खिडकीत ठेवायच्या आणि बघत बसायचं. फ्रान्समधला मोठा निसर्गअभ्यासक रेओम्युर याचे कीटकांवरचे ग्रंथ ट्रेम्बलेने वाचले होते, त्यातून हा नाद लागला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग. फक्त या प्रोजेक्टला सबमिशनची तारीख नव्हती.

१७४० च्या उन्हाळ्यात अशाच एका बरणीत त्याला पाणवनस्पतीच्या देठाला चिकटलेलं काहीतरी हिरवं दिसलं. बोटाच्या पेराहून कितीतरी लहान. एक टोक चिकटलेलं, दुसऱ्या टोकाला बारीक धाग्यांचा झुपका. रंग हिरवा, आकार गवताच्या काडीचा. कुणालाही वनस्पतीच वाटावी. त्यालाही वाटली. मग ते धागे हलताना दिसले. पाण्याच्या हेलकाव्याने हलत असतील, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने बरणी जरा हलवून पाहिली, धागे पाण्याबरोबर डोलायला हवेत. पण झालं उलटंच. सगळी काडीच आक्रसली आणि हिरव्या ठिपक्याएवढी झाली. थोड्या वेळाने पुन्हा हळूहळू लांब झाली. आपल्याकडची लाजाळूही मिटते, हे खरं. पण काही दिवसांनी हे हिरवे ठिपके बरणीत जागा बदलताना दिसले. तळपाय टेकवायचा, वाकून डोकं टेकवायचं, मग तळपाय उचलून पुढे आणायचा. कधी कधी तर चक्क कोलांटी.

यानंतरचा त्याचा प्रयोग मला फार आवडतो. त्याने पाहिलं की बरणीतले बहुतेक जीव खिडकीकडच्या बाजूला जमतात. बरणी अर्धी फिरवली. काही दिवसांत ते सगळे परत उजेडाकडे. मग त्याने पुठ्ठ्याचं वेष्टण करून बरणीवर चढवलं आणि त्याला एका विशिष्ट आकाराची खाच पाडली, आपण बाणाचं टोक काढतो तशी. जिथे उजेड आत येत होता तिथे, त्याच आकारात, ते जीव येऊन बसले. ज्यांना डोळे नाहीत ते उजेड ओळखतात. पुठ्ठा, कात्री, बरणी. एवढंच सामान.

आता मुद्दा असा, की चालणारी गोष्ट म्हणजे प्राणी, इथे थांबायला हरकत नव्हती. पण एक गोष्ट त्याला टोचत होती. प्रत्येकाच्या हातांची संख्या वेगळी. कुणाला सहा, कुणाला आठ, कुणाला त्याहून जास्त. प्राण्यांचं असं नसतं. गाईला चार पाय म्हणजे चार. फांद्यांचं मात्र असंच असतं, या झाडाला इतक्या, त्या झाडाला तितक्या. म्हणजे पुन्हा वनस्पतीचीच शंका. मग निकाल कसा लावायचा? जास्वंदीची फांदी मोडून कुंडीत खोचली तर तिचं नवं झाड होतं. मांजराचं शेपूट कुंडीत खोचून दुसरं मांजर येत नाही. तेव्हा सगळ्या जगाला मान्य असलेला हा फरक होता. कापल्यावर तुकड्यातून नवा जीव आला तर वनस्पती, तुकडे मेले तर प्राणी.

२५ नोव्हेंबर १७४० रोजी त्याने एक जीव आडवा कापला. दोन तुकडे उथळ काचेच्या भांड्यात ठेवले. तुकडे मरतील अशी त्याची अटकळ होती. पण दोन्ही तुकडे हलत राहिले. डोक्याच्या बाजूचा तुकडा जिवंत राहील हे एक वेळ समजण्यासारखं, पालीचं शेपूट तुटलं तरी पाल जगते. पण खालच्या, बिनडोक्याच्या तुकड्याचं काय? नऊ-दहा दिवसांत त्या तुकड्याच्या कापलेल्या टोकावर बारीक टोकं फुटताना दिसली. ते हात होते. काही दिवसांत भांड्यात दोन पूर्ण जीव होते आणि कुठला वरच्या तुकड्यातून झाला, कुठला खालच्या, हे सांगता येऊ नये इतके सारखे.

इथे तुम्ही ट्रेम्बलेच्या जागी उभे राहून बघा. चाचणी तुम्हीच ठरवलीत. चाचणीचं उत्तर आलं, वनस्पती. आणि समोर तो जीव कोलांट्या मारतोय, शिकार करतोय. बहुतेक लोक अशा वेळी चाचणी गुंडाळून ठेवतात किंवा उत्तर वाकवतात. त्याने दोन्ही केलं नाही. आणखी कापले. उभे, आडवे, तिरके, चार तुकडे, मग कितीतरी. प्रत्येक तुकड्याचा रोजचा हिशेब वहीत. एकाच डोक्याला वरून चिरा देऊन त्याने सात डोक्यांचा जीव तयार केला. मग ती डोकी कापली, तर तिथे पुन्हा डोकी. आपण हे ऐकलंय ना? देवीच्या गोष्टीतला रक्तबीज, थेंब सांडला की नवा राक्षस. ग्रीकांकडे हायड्रा नावाचा अनेक तोंडांचा सर्प होता, डोकं छाटलं की परत उगवायचं. म्हणून पुढे लिनियसने या प्राण्याला हायड्रा हेच नाव दिलं. जलव्याल म्हणजेही पाण्यातला सर्प. अकरावीच्या जर्नलमध्ये लेबल लावताना ही गोष्ट मला कुणी सांगितली असती तर स्पेलिंग तरी चुकलं नसतं.

डिसेंबरमध्ये त्याने रेओम्युरला पत्र लिहिलं. ओळखपाळख जेमतेम, समोरचा युरोपातला सर्वात दबदबा असलेला निसर्गतज्ज्ञ आणि सांगायचं काय, तर मी एक प्राणी कापला आणि त्याचे दोन झाले. रेओम्युरने नमुने मागवले. ट्रेम्बलेने जीव बाटलीत भरले, तोंड लाखेने घट्ट बंद केलं आणि पॅरिसला रवाना केले. पोचले ते मेलेले. लाखेने हवाच बंद झाली होती. घरून आलेला लाडूचा डबा कुरिअरमध्ये फुटतो तेव्हा काय वाटतं ते आठवा आणि त्याला दहाने गुणा. पुढच्या वेळी त्याने बूच वापरलं. मार्च १७४१ मध्ये जिवंत जीव पॅरिसला पोचले. रेओम्युरने स्वतः कापून बघितले, विज्ञान अकादमीत सगळ्यांसमोर मांडलं. पुन्हा पुन्हा बघूनही आपला डोळ्यांवर विश्वास बसत नाही असं त्यानेच पुढे लिहून ठेवलं. पॉलिप हे नावही त्याच्याकडूनच आलं. हातांच्या झुपक्यामुळे त्याला ऑक्टोपसची आठवण झाली होती.

आता जरा या प्राण्याच्या पोटात शिरू, कारण ट्रेम्बलेचा बराचसा वेळ तिथेच गेला.

हायड्राचं शरीर म्हणजे दुहेरी कापडाची पिशवी समजा. बाहेर एक थर, आत एक थर, मध्ये जेलीसारखा पातळ पडदा. पिशवीचं तोंड एकच. अन्न जातं तेही तिथूनच आणि उरलेलं बाहेर पडतं तेही तिथूनच. (जेवताना यावर फार विचार करू नका.) हृदय नाही, फुप्फुसं नाहीत, मेंदू नाही. मज्जातंतूंचं एक विरळ जाळं सगळ्या अंगभर पसरलेलं. तोंडाभोवती हात, पुस्तकात ज्यांना शुंडकं म्हणतात ती. तळपाय कशाला तरी चिकटवून हा जीव हात लांब सोडून लटकतो, गळ टाकून बसलेल्या माणसासारखा. ट्रेम्बलेकडच्या एका जातीचे हात तर शरीराच्या कितीतरी पट लांब व्हायचे.

पाण्यातली पिसू, म्हणजे उड्या मारत पोहणारा इवलासा कवचधारी जीव, या हाताला नुसती लागली की अडकते. सुटायला धडपडते, दुसरा हात येतो, तिसरा येतो. मग हात तोंडाकडे वळतात आणि पिसू अख्खीच्या अख्खी आत. पोट फुगतं, पातळ कातडीतून आतली पिसू दिसत राहते. ट्रेम्बले बारीक किडे हाताने भरवायचा, भिंगातून तासन्‌तास बघायचा. एकदा दोन जीवांनी एकाच किड्याची दोन टोकं पकडली. दोघेही गिळत गिळत मध्यावर आले, तोंडाला तोंड भिडलं. कधी किडा तुटायचा. कधी मोठा दुसऱ्याला किड्यासकट गिळून टाकायचा. ट्रेम्बलेला वाटलं, संपला बिचारा. पण काही वेळाने गिळलेला जीव तसाच बाहेर आला, धडधाकट. किडा मात्र मालकाच्या पोटात राहिला. पचवतो सगळं, पण स्वतःच्या जातीचं पचवत नाही.

अन्न पचून जातं कुठे हे बघायला त्याने रंगीत खाणं दिलं. लाल, काळं, हिरवं. ज्या रंगाचं खाणं, त्या रंगाचे बारीक कण पोटाच्या भिंतीत उतरायचे. काही दिवस उपाशी ठेवलं की रंग फिका. अंगावर मुकुल फुटला असेल तर आईने खाल्लेला रंग पिल्लाच्या पोटातही जायचा, कारण दोघांची पोकळी एकच. पिल्लाने खाल्लं तर उलटंही. मग एक दिवस पिल्लू सुटं होतं आणि स्वतःचं स्वतः मिळवायला लागतं. जोडीदार लागतो का हे तपासायला त्याने एकेक पिल्लू जन्मतःच वेगळ्या भांड्यात ठेवलं. लागत नव्हता.

हात लागला की शिकार अडकते कशी, हे मात्र त्याच्या भिंगाला दिसलं नाही. ते फार नंतर कळलं. हायड्राच्या हातांवर दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेली पोकळ दोरी, आत सुमारे १५० बार एवढा दाब. भक्ष्याचा धक्का बसला की कुपी फुटते आणि काटा बाहेर येतो. २००६ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने हे मोजलं गेलं. काटा सुटायला लागतात ७०० नॅनोसेकंद आणि त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींहून जास्त. डबक्यात राहणारा, मेंदू नसलेला प्राणी हे करतो. हीच हत्यारं जेलीफिशकडे, समुद्रफुलांकडे, प्रवाळाकडे असतात. सगळा निडारिया संघ यांच्याच जोरावर जेवतो. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूत निळ्या फुग्यासारखे ब्लूबॉटल येतात, त्यांच्या निळ्या दोऱ्यांवरही हेच भरलेलं असतं. किनाऱ्यावर मरून पडलेला ब्लूबॉटलसुद्धा डसतो, कारण कुपी फुटायला मालक जिवंत असायची गरज नसते. म्हणून रील्ससाठी तो हातात घेऊ नका, एवढंच.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. काटा घुसलेल्या शिकारीतून जो रस गळतो त्यात ग्लुटाथायोन नावाचं रसायन असतं. त्याचा वास, म्हणजे वासच म्हणू, लागला की हायड्रा तोंड उघडतो. पाण्यात नुसतं ते रसायन टाकलं तर शिकार नसतानाही सगळे आ वासून बसतात. घरात फोडणी पडल्यावर आपलं जे होतं तेच. दुसरी गोष्ट, तोंड बंद असतं तेव्हा तिथे तोंड नसतंच. पेशींचा सलग थर असतो. दर जेवणाला तो थर फाटतो, नंतर पुन्हा जुळतो.

आणि तो हिरवा रंग? ज्या हिरव्या जातीवरून ट्रेम्बलेला वनस्पतीचा भास झाला, तिच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये खरोखरच हिरवी शैवालं राहतात. ती उजेडात अन्न तयार करतात आणि थोडं हायड्राला देतात. म्हणजे बिचाऱ्याची पहिली शंका अगदीच वेडगळ नव्हती.

परत हेगला येऊ. कापून झालं, रंगवून झालं. मग ट्रेम्बलेला वाटलं, पिशवी आहे तर उलटी करून बघू. मोज्यासारखी. विचार करा, काही मिलिमीटरचा, जेलीसारखा मऊ, हात लावला की आक्रसणारा जीव. त्याने आधी त्याला पोटभर किडा खायला घातला, म्हणजे पोट रुंद होईल आणि तोंड सैल पडेल. मग तळहातावर पाण्याच्या थेंबात घेतला आणि रानडुकराच्या केसाच्या बोथट टोकाने तळपायाकडून हळूहळू आत ढकलत नेला. तो केस तोंडातून बाहेर येईपर्यंत. कितीतरी फसले. १७४२ मध्ये जमलं. उलटा झालेला जीव पुन्हा सुलटा होऊ पाहायचा, म्हणून त्याच्या ओठाजवळ केस आरपार टोचून ठेवावा लागायचा. असे उलटे जीव जगले, जेवले, त्यांना मुकुलही फुटले. नंतरच्या जीवशास्त्रज्ञांना कळलं की आतलं कातडं बाहेरचं होत नाही, पेशी गुपचूप सरकून आपापल्या जागी परततात. पण ते कळायला शंभरहून जास्त वर्षं गेली. याच काळात त्याने दोन वेगळ्या जीवांचे तुकडे एकमेकांना जोडूनही दाखवले. आपण हापूसचं कलम बांधतो तसं कलम, पण प्राण्याचं.

बातमी युरोपभर पसरली आणि चर्चा वेगळ्याच दिशेला गेली. तेव्हाच्या ख्रिस्ती विचारात आत्मा अखंड, त्याचे तुकडे होत नाहीत. मग हा प्राणी कापल्यावर आत्मा कुठल्या तुकड्यात गेला? की दोन झाले? ला मेत्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तर माणूस म्हणजे यंत्र असं सांगणाऱ्या आपल्या पुस्तकात पॉलिपला साक्षीदार म्हणून उभं केलं. व्होल्तेरला हा प्राणी आहे हेच पटत नव्हतं. ट्रेम्बले स्वतः श्रद्धाळू माणूस. त्याने या वादात उडी मारली नाही. मी जे पाहिलं ते हे, असं केलं म्हणजे तुम्हालाही दिसेल, एवढ्यावर तो थांबला. मला आधी वाटलं, एवढा मोठा शोध लावून हा मत का देत नाही? कॉलेजात आम्हाला शिकवलंय की बातमीला अँगल हवा. पण त्याच्या नोंदी वाचून लोकांनी आपापले अँगल काढले, आणि आज ते अँगल विसरले गेलेत. नोंदी मात्र अजून कामाच्या आहेत.

तो मागेल त्याला जिवंत पॉलिप पाठवायचा, सोबत कसं खायला घालायचं, कसं कापायचं याच्या सूचना. १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवले, अध्यक्ष मार्टिन फोक्स यांच्याकडे. फोक्सनी त्यातले काही हेन्री बेकर या सभासदाला दिले. बेकरने भराभर प्रयोग उरकले आणि त्याच वर्षी पॉलिपवर स्वतःचं पुस्तक काढलं. ट्रेम्बलेचं अजून छापून व्हायचं होतं! ग्रुप प्रोजेक्टमध्ये ज्यांनी नोट्स दिल्या आणि ज्यांनी प्रेझेंटेशन केलं ते वेगळे असतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. मला आहे, आणि मी ट्रेम्बलेइतकी शांत राहिले नव्हते. त्याने जिवंत नमुने वाटणं थांबवलं नाही. रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं आणि १७४३ चं कोपली पदक दिलं. कोपली म्हणजे तेव्हाचा विज्ञानातला सर्वात मोठा मान.

श्रेय देण्याबाबत तो स्वतः काटेकोर होता. हा जीव सगळ्यात आधी आपणच पाहिला असं त्याला वाटत होतं. मग कळलं की डच सूक्ष्मदर्शकवाला लेवेनहुक याने १७०२ मध्येच पाहिला होता, मुकुलासकट. ते त्याने सरळ मान्य केलं. त्याचं पुस्तक १७४४ मध्ये लायडनला निघालं. चार भाग, तेरा चित्रपट्ट्या. चित्रं काढली पिएर लिओने या त्याच्या वकील मित्राने. कोरणाऱ्या कारागिराचा खोळंबा व्हायला लागला तेव्हा हा गडी तांब्यावर कोरायला शिकला आणि उरलेल्या आठ पट्ट्या स्वतः कोरल्या. पुस्तकातल्या एका चित्रात ट्रेम्बले तळ्यात जाळी घालताना दिसतो आणि शेजारी ती दोन मुलं.

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर एक बाजूची गोष्ट. मार्सेयचा डॉक्टर पेसोनेल याने १७२० च्या दशकातच सांगितलं होतं की प्रवाळ ही समुद्रातली झाडं नाहीत, त्यावर उमलणारी फुलं म्हणजे प्राणी आहेत. तेव्हा त्याला खोडून काढणारा कोण? हाच रेओम्युर. पेसोनेलची अब्रू जाऊ नये म्हणून म्हणे त्याने अकादमीत त्याचं नावही घेतलं नव्हतं. ट्रेम्बलेचा पॉलिप पाहिल्यावर समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पुन्हा तपासणी झाली आणि रेओम्युरने १७४२ मध्ये छापून कबूल केलं की पेसोनेल बरोबर होता. पेसोनेल तोवर दूर कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर डॉक्टरकी करत होता.

स्पंजांना मात्र आणखी बराच काळ थांबावं लागलं. ते ना हलतात, ना आक्रसतात, ना हात पसरतात. १८२० च्या दशकात एडिनबरोमध्ये रॉबर्ट ग्रँटने (कॉलेजात असताना डार्विन याच्याच मागे समुद्रकिनारी फिरायचा) जिवंत स्पंज पाण्यात ठेवून भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार सतत बाहेर पडताना दिसली. स्पंजाला तोंडही नसतं आणि पोटही. अंगभर बारीक भोकं, त्यातून पाणी आत येतं. आतल्या पोकळीत कॉलर लावलेल्या पेशी असतात, प्रत्येकीला एक चाबकासारखा धागा. तो फिरला की पाणी ओढलं जातं आणि कॉलरच्या जाळीत जिवाणू अडकतात. मग ज्या पेशीने पकडलं तीच खाते किंवा शेजारणीला देते. हायड्राकडे निदान सामायिक पोट आहे, स्पंजाकडे प्रत्येकीची चूल वेगळी. पुनर्जननात मात्र स्पंज हायड्राच्याही पुढे. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला, अगदी चक्का गाळतो तसा. सुट्या झालेल्या पेशी सरकत सरकत एकत्र आल्या आणि पुन्हा स्पंज झाला.

ट्रेम्बले स्वतः पुढे पॉलिपकडे फारसा वळला नाही. बेंटिंक मुलं मोठी झाली. (धाकटा जॉन ब्रिटिश नौदलात कॅप्टन झाला आणि जहाजातलं पाणी उपसायच्या पंपात त्याने सुधारणा केली. पाण्याशी नातं सुटलं नाही म्हणायचं.) मास्तर मग ब्रिटिशांसाठी राजनैतिक कामात शिरला, त्याबद्दल पेन्शन मिळाली. नंतर रिचमंडच्या तरुण ड्यूकला घेऊन काही वर्षं युरोप फिरला. १७५७ मध्ये जिनिव्हाला परतला, लग्न केलं, पाच मुलं झाली. उरलेलं आयुष्य त्याने मुलांना कसं शिकवावं यावर पुस्तकं लिहिण्यात घालवलं. तळ्याकाठचा मास्तर शेवटपर्यंत मास्तरच राहिला. १२ मे १७८४ ला तो गेला.

आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर बरीच वर्षं काम चाललंय. तिथल्या एका वाणाला जगभरच्या शोधनिबंधांत ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ असंच नाव आहे. तिथले प्रश्नही ट्रेम्बलेच्याच वहीतले, फक्त आता जनुकांच्या भाषेत विचारलेले. तुकड्याला कसं कळतं की डोकं कुठल्या बाजूला करायचं? त्यात भर पडलीय ती वयाची. हायड्राच्या पेशी सतत बदलत राहतात आणि चांगली निगा ठेवली तर त्याच्यात म्हातारपणाची लक्षणं दिसत नाहीत.

तुम्हाला बघायचा असेल तर पाऊस ओसरल्यावर एखाद्या स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या तळ्यातून थोडी पाणवनस्पती आणि तिथलंच पाणी आणा. काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवा, पण कडक उन्हात नको. वरून नळाचं पाणी ओतू नका, त्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही. झाकण सैल ठेवा, लाखेची गोष्ट आठवून. आणि दोन-तीन दिवस बरणीला हात लावू नका, घरातल्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर आई पाणी फेकून बरणी घासून ठेवेल. मग मोबाइलचा कॅमेरा झूम करून उजेडाकडच्या काचेवर बघा. पहिल्या बरणीत सापडेलच असं नाही. ट्रेम्बलेकडे बऱ्याच बरण्या होत्या.